खान्देशात दहावी-बारावीनंतर काय? घरालाही हातभार लागेल अशी शिक्षणाची आणि कामाची वाट

दहावीचा निकाल लागला की कष्टकरी घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. पोराला किंवा पोरीला पुढे काय शिकवायचं, आणि ते शिकत असताना घर कसं चालवायचं. सल्ला देणारे बहुतेक जण पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतात. कोर्सची नावं सांगतात, फी सांगतात आणि निघून जातात. पण चोपड्याच्या किंवा साक्रीच्या मजुराचं घर अडतं ते दुसऱ्या प्रश्नावर. घरात येणारी एक मजुरी दोन वर्षं बंद होणार असेल, तर चांगल्यातला चांगला कोर्सही मध्येच सुटतो.

म्हणून कुठल्याही कोर्सबद्दल आधी दोन गोष्टी विचारा. शिकताना पैसे किती जातील आणि हातात यायला कधीपासून लागतील? आणि हे सर्टिफिकेट मिळाल्यावर त्याच्या जोरावर पुढची कुठली पायरी चढता येईल? ज्या कोर्सला या दोन्हींचं सरळ उत्तर नाही, तो कितीही गोड बोलून समोर मांडला तरी थांबा. खालचा सगळा लेख याच दोन प्रश्नांभोवती आहे.

पहिली पायरी: कागदपत्रं, आणि तीही दिवाळीआधी

हे वाचायला कंटाळवाणं वाटेल, पण खान्देशात सर्वांत जास्त जागा हातच्या जातात त्या इथे. जूनमध्ये तहसील कार्यालयावर आणि सेतू केंद्रावर झुंबड असते, सर्व्हर बसतो, आणि प्रवेशाची फेरी कुणासाठी थांबत नाही.

शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, एवढा संच लागतोच. यातला उत्पन्नाचा दाखला ठरावीक मुदतीपुरताच चालतो, तो फार लवकर काढून उपयोग नाही. मात्र जातीचा दाखला आधी काढून ठेवा, कारण त्याला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचा. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेतला दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, जुना सातबारा किंवा हक्कनोंद, यांपैकी काहीतरी शोधावं लागतं. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा शोध घ्या; वडिलांकडच्या नात्यातल्या माणसाचा पुरावा वंशावळ जोडून चालतो. या शोधाला आठवडे लागतात. अर्ज दिल्यावर पोचपावती घ्यायला विसरू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, दाखल्याला ठरलेली मुदत आहे, आणि मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून गुजरातकडे कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या घरांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. आईवडील बार्डोलीच्या फडात आणि मुलगा आश्रमशाळेत, अशा वेळी प्रतिज्ञापत्रावर सही करायला घरी कुणी नसतं. म्हणून जायच्या आधीच दाखल्याचा अर्ज करून टाका आणि मूळ कागद गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

नाव सगळीकडे सारखं आहे ना, ते अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. दाखल्यावर एक आणि आधारवर वेगळं स्पेलिंग असेल, आडनावाआधी वडिलांचं नाव राहून गेलं असेल, तर शिष्यवृत्तीचा अर्ज तिथेच अडकतो. आणि सरकारी पैसा आता आधारला जोडलेल्या खात्यातच जातो. घरात दोन-तीन खाती उघडलेली असतील तर बँकेत जाऊन विचारा, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी, आधार कुठल्या खात्याला जोडलंय. पैसे आले नाहीत म्हणून वर्षभर वाट पाहणाऱ्या मुलांचे पैसे कित्येकदा त्यांच्याच दुसऱ्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात.

दुसरी पायरी: कोर्सआधी काम बघा

गावात पाहुणा आला की विचारतो, "पोऱ्या काय करस?" आणि पोऱ्यानं तेच निवडलेलं असतं जे त्याच्या मित्रानं निवडलंय. ट्रेड, म्हणजे आयटीआयत शिकायचं काम, निवडायच्या आधी आपल्या भागात हाताला काम कुठे आहे हे स्वतः फिरून पाहा.

जळगावात पाइप, ठिबक सिंचन, प्लॅस्टिकच्या चटया आणि डाळ मिल. प्लॅस्टिकच्या मशीनवर काम करणारा ऑपरेटर आणि तिचा साचा दुरुस्त करणारा माणूस यांच्या पगारात मोठा फरक असतो. दुसरा बहुधा फिटर, टर्नर किंवा टूल अँड डाय शिकलेला असतो. रावेर, यावल, चोपडा या केळीपट्ट्यात पिकवणी केंद्रं, पॅकहाउस आणि कोल्ड स्टोअरेज वाढले आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळी परदेशात जाते, आणि थंडाव्याच्या खोल्या बंद पडल्या की मालकाला तासातासाला नुकसान होतं. तरीही फ्रिज-एसी मेकॅनिकचा ट्रेड आपल्याकडची मुलं केळीशी जोडून पाहत नाहीत. माझ्या मते या पट्ट्यातल्या मुलानं तो सर्वांत आधी विचारात घ्यावा.

भुसावळला रेल्वे आहे, आयुध निर्माणी आहे, जवळच दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे आणि वरणगावला दुसरी आयुध निर्माणी. धुळ्याला अवधानची आणि शिंदखेड्याकडे नरडाण्याची एमआयडीसी, शिरपूरला कापड उद्योग, साक्रीच्या माळरानावर पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प. नंदुरबारला मिरचीचा बाजार आणि नवापूरला टेक्स्टाइल पार्क. कापसाच्या हंगामात जिनिंग सगळीकडेच चालतं, पण ते काम हंगामी असतं. त्याच्या भरवशावर वर्षाचा हिशेब मांडू नका.

सौरऊर्जेचं थोडं जास्त सांगतो. घरांच्या छतांसाठी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, शेतपंपांसाठी राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. पॅनल बसवणारे, वायरिंग करणारे, नंतर बिघाड काढणारे, अशी माणसं गावोगाव लागतात. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन शिकलेल्याला विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून तारतंत्री परवाना काढता येतो. तो जरूर काढा; स्वतःच्या नावावर कामं घ्यायची तर मात्र विद्युत ठेकेदाराचा वेगळा परवाना लागतो.

एखाद्या रविवारी ओळखीनं वर्कशॉप पाहून या. वेल्डिंगच्या उजेडात आणि उन्हाळ्यातल्या शेडमध्ये आठ तास उभं राहणं जमेल का, हे माहितीपत्रकात कळत नाही. मुलाला उंचीची भीती वाटत असेल तर पवनचक्कीचं काम त्याच्यासाठी नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

तिसरी पायरी: आयटीआयचा अर्ज

कमी पैशात, सगळीकडे चालणारं आणि पुढची दारं उघडणारं सर्टिफिकेट हवं असेल तर शासकीय आयटीआयला, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला, अजून तोड नाही. जवळपास प्रत्येक तालुक्याला एक आहे. फी परवडणारी असते, वयाची किमान अट १४ वर्षं आणि वरची मर्यादा नाही. म्हणजे पाच वर्षं मजुरी करून पुन्हा शिकायचं ठरवलेला पंचविशीतला तरुणही अर्ज करू शकतो.

दहावी नापास झालेल्यांनी निराश होऊन घरी बसू नये. वेल्डर, वायरमन, सुतारकाम, शिवणकाम यांसारख्या काही ट्रेडना दहावी पास असण्याची अट नाही. त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत यादी दिलेली असते. वेल्डर एका वर्षाचा, वायरमन दोन वर्षांचा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे आणि त्यांना दहावी पास लागते. डिझेल मेकॅनिक आणि कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड, एका वर्षाचे.

प्रवेश ऑनलाइन होतो, निकालाच्या आसपास अर्ज सुरू होतात. क्रम असा: पोर्टलवर नोंदणी आणि अर्ज, मग जवळच्या आयटीआयत जाऊन मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करणं, मग संस्था आणि ट्रेडचे विकल्प पसंतीक्रमानं भरणं, मग गुणवत्ता यादी आणि फेऱ्या. चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली, अर्ज भरून मुलं समजतात की काम झालं आणि निश्चितीला जातच नाहीत. असा अर्ज यादीत येत नाही. दुसरी, विकल्पांमध्ये पहिल्या क्रमांकावर घाईत काहीतरी टाकलं जातं. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर तेच लिहा जे खरोखर हवं आहे आणि जिथे रोज पोहोचता येईल.

रोज पोहोचता येईल हा मुद्दा हलका समजू नका. धडगावच्या पाड्यावरून तळोद्याला, किंवा पालच्या बाजूनं रावेरला रोज जाणं आणि यंत्रावर हात बसेपर्यंत टिकणं सोपं नाही. विद्यार्थ्यांना एसटीचा सवलतीचा पास मिळतो, मुली-महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. पण बसच नसेल तर सवलत काय करणार? अर्जाआधी सकाळी किती वाजता गाडी आहे ते बघा, आणि नसेल तर वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी करा.

खासगी आयटीआयत गेलात तर फी जास्त. केंद्रीय फेरीतून प्रवेश मिळाला असेल तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून फी परत मिळण्याचा अर्ज करता येतो; परस्पर संस्थेत जाऊन घेतलेल्या प्रवेशाला ते लाभत नाही. शासकीय संस्थेतही आयएमसीच्या, म्हणजे संस्था व्यवस्थापन समितीच्या, जागा असतात, त्यांची फी वेगळी आणि जास्त असते. सही करण्याआधी विचारून घ्या, "ही जागा कुठल्या कोट्यातली?"

आता पुढच्या पायऱ्या. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाचा अर्ज करता येतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतन आहे. बारावी बोर्डाचे भाषा विषय बाहेरून दिले तर बारावीची समकक्षता मिळते. म्हणजे ज्या मुलाला उद्या पोलीस भरती द्यायची आहे, ज्यासाठी बारावी लागते, त्याचीही वाट आयटीआयमुळे बंद होत नाही.

पोलीस भरतीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. खान्देशात पहाटे रस्त्यानं धावणारी शेकडो मुलं दिसतात. त्यांच्या मेहनतीबद्दल मनापासून आदर आहे. पण खुल्या गटासाठी वय २८ आणि मागासवर्गीयांसाठी ३३ ला संपतं, आणि जागा थोड्या असतात. धावणं चालू ठेवून सोबत आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारी करा. ग्राउंडचा सराव सकाळी असतो, ट्रेडचे तास त्यानंतर. वय निघून गेल्यावर हातात काहीच नसलेला तरुण आणि त्याचे आईवडील ज्या अवस्थेतून जातात, ती मी जवळून पाहिली आहे, आणि ती टाळता येण्यासारखी असते.

चौथी पायरी: शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप

गरीब घरासाठी सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली ही पायरी आहे. कारखान्यात किंवा सरकारी कार्यालयात प्रत्यक्ष काम शिकायचं आणि दर महिन्याला विद्यावेतन घ्यायचं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार तीस किंवा जास्त कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. हा कंपनीचा उपकार नाही, ती तिच्यावरची जबाबदारी आहे. तेवढ्या आत्मविश्वासानं विचारायला जा.

२०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन असं आहे: पाचवी ते नववी शिकलेल्यांना महिना ५,००० रुपये, दहावीला ६,०००, बारावी किंवा आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीला ९,०००. दुसऱ्या वर्षी यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेनं ही रक्कम ३६ टक्क्यांनी वाढवावी अशी शिफारस केली, म्हणून करार करताना त्या वेळचा लागू आकडा पोर्टलवर पाहून घ्या. किमानपेक्षा जास्त द्यायला कंपनीला कुणाची मनाई नसते.

पाचवी-नववीवाल्यांनाही दार उघडं आहे, हे वाक्य पुन्हा वाचा. शाळा सुटलेला मुलगा सुरतेत कापडाच्या मार्केटात गाठोडी उचलण्याऐवजी नोंदणीकृत शिकाऊ म्हणून शिकू शकतो. आयटीआय न करता थेट गेल्यास कालावधी जास्त असतो; दोन वर्षांचा ट्रेड करून आलेल्या फिटरला साधारण एक वर्ष पुरतं.

करायचं काय? 'अप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलवर नोंदणी करा, आधार आणि बँक खातं जोडा, जिल्हा निवडून जागा पाहा. त्यासोबत जिल्ह्याच्या मुख्य आयटीआयच्या आवारातलं मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र गाठा. शिकाऊ उमेदवारीचं काम तिथे पाहतात. नुसतं पोर्टलवर बसून राहिलं तर महिने जातात. प्रत्यक्ष जाऊन "आमच्या ट्रेडच्या जागा कोणत्या कंपन्यांनी दाखवल्यात" असं विचारणाऱ्याला उत्तर लवकर मिळतं.

सरकारी बाजूनं महावितरण इलेक्ट्रिशियन-वायरमन घेतं, एसटीचे विभाग मोटार मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन घेतात. आणि भुसावळ. मध्य रेल्वेच्या शिकाऊ भरतीत भुसावळचा स्वतंत्र गट असतो, त्यात तिथलं कॅरेज-वॅगन डेपो, इलेक्ट्रिक लोको शेड आणि लोकोमोटिव्ह वर्कशॉप, शिवाय मनमाडचं वर्कशॉप येतं. वय १५ ते २४, अनुसूचित जाती-जमातींना पाच आणि ओबीसींना तीन वर्षांची सूट; दहावीला ५० टक्के आणि त्या ट्रेडचं आयटीआय. लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावी आणि आयटीआयच्या गुणांची सरासरी काढून यादी लागते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना अर्जाची फी नाही. म्हणून दहावीत असलेल्या मुलांना सांगा, "आयटीआयच करायचंय, मार्कांचं काय" असं म्हणू नका. इथे दहावीचे मार्क निम्मा भार उचलतात.

रेल्वेची शिकाऊ उमेदवारी म्हणजे रेल्वेची नोकरी, असं मात्र धरून चालू नका. रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, भरतीत २० टक्के जागा शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात, पण ती परीक्षा द्यावी लागतेच. कुणी "आत चिकटवून देतो" म्हणून पैसे मागितले तर तो फसवणारा आहे.

शिकाऊ उमेदवारी पूर्ण झाल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. शेवटच्या महिन्यांत दुसरीकडे पगार जास्त मिळतो म्हणून ही परीक्षा सोडून जाणारी मुलं फार आहेत. ती चूक करू नका. चाकणला, वाळूजला, अंकलेश्वरला, उद्या कुठेही गेलात तरी हाच कागद बोलतो.

पाचवी पायरी: दोन वर्षं देणं शक्यच नसेल तर

घरातला कमावता माणूस आजारी असेल, कर्ज असेल, तर दोन वर्षं निघत नाहीत हे खरं आहे. अशा वेळी कमी मुदतीची मोफत प्रशिक्षणं बघा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेची केंद्रं आहेत, गावपातळीवर प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. ग्रामीण गरीब कुटुंबांतल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. तिच्यात राहणं-जेवण धरून प्रशिक्षण मोफत आणि त्यानंतर नोकरी लावून देण्याची जबाबदारी संस्थेवर असते. गावात बचत गटांचं काम पाहणाऱ्या 'उमेद' अभियानाच्या सीआरपी ताई असतात, त्यांना आधी विचारा.

पण इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. चांगली केंद्रं आहेत आणि नुसती हजेरी भरणारीही आहेत. केंद्रात जाऊन मशीन चालू आहे का ते बघा. मागच्या तुकडीतल्या दोन-तीन मुलांशी बोला: कुठे लागले, हातात किती येतात, खोलीभाडं कापून काय उरतं? पुण्याला बारा हजारांची नोकरी आणि त्यात खोली-खानावळीला सात हजार, हा हिशेब घरी बसूनच मांडा. मोफत योजनेत कुणी 'रजिस्ट्रेशन', 'ड्रेस', 'किट' म्हणून पैसे मागत असेल तर तिथून उठा.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० असं विद्यावेतन त्यात ठरलं, नोंदणी महास्वयम या राज्याच्या रोजगार पोर्टलवर. अनुभव म्हणून ती चांगली आहे. कायम नोकरीची अपेक्षा ठेवून तिच्यात जाऊ नका, आणि त्या काळात पुढच्या पायरीचा अर्ज चालू ठेवा.

शाळाच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी बाहेरून देता येते. फॉर्म पावसाळ्यात भरले जातात. काम करता करता हे एक काम करून टाका, बाकी दारं त्यावरच उघडतात.

मुलींसाठी, आणि सातपुड्यातल्या घरांसाठी

आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. तरी फॉर्म भरताना घरचे शिवणकामापुढे जात नाहीत. शिवणकाम वाईट नाही, पण इलेक्ट्रिशियन ट्रेड निवडणाऱ्या मुलीला कमी मार्कांतही जागा मिळू शकते आणि पुढे महावितरण-रेल्वेच्या शिकाऊ जागांना अर्ज करता येतो. वडिलांनी एकदा तिच्यासोबत आयटीआयत जाऊन तिथल्या निदेशकांशी बोलावं. बरीच भीती तिथेच जाते.

नर्सिंगचं मुलींना आकर्षण आहे आणि काम भरपूर आहे. मात्र सहा महिन्यांत 'नर्स' बनवून देणाऱ्या वर्गांपासून सावध राहा. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स, दोन वर्षांचा असतो आणि बारावीनंतर होतो. संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता हवी, तरच नोंदणी होते. नोंदणी नसलेल्या मुली खासगी दवाखान्यांत वर्षानुवर्षं अगदी कमी पैशांत राबतात आणि सरकारी भरतीला अर्जसुद्धा करू शकत नाहीत.

आदिवासी कुटुंबांनी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाशी संबंध ठेवावा. आपल्याकडे ही कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. वसतिगृहाचे अर्ज तिथलेच. बारावीनंतर शिकताना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. अनुसूचित जातींसाठी तशीच स्वाधार योजना, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलांना पहिले दोन-तीन महिने वर्गातली मराठी आणि यंत्रांची इंग्रजी नावं जड जातात. ती मुलं ढ नसतात. त्यांच्या घरच्यांनी आणि शिक्षकांनी तेवढा काळ धीर दिला तर हाताच्या कामात ती मागे राहत नाहीत.

बांधकामावर जाणाऱ्या आईवडिलांसाठी एक सूचना. वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र देऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी केली, तर मुलांच्या शिक्षणासाठी मदत मिळते. नोंदणी वेळेवर नूतनीकरण केलेली असली पाहिजे.

आईवडिलांच्या हातातला हुन्नर

घराची वाट मुलांनीच काढायची असं कुठे आहे? सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, चांभार, कुंभार, नाभिक अशा १८ कामांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली: प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. घरातल्या एकालाच लाभ मिळतो.

बचत गटातल्या बायांनी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, जरूर पाहावी. अग्रणी बँक ती चालवते, राहणं-जेवण मोफत, आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा असतो. केळीचे वेफर्स, मिरची पावडर, पापड असा लहान उद्योग असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. अर्ज कृषी विभागाकडे. आधी वेफर्स घेणारे दुकानदार ठरवा, मग मशीन घ्या. उलट क्रमानं गेलेल्यांची मशीन अंगणात ताडपत्रीखाली पडलेली मी पाहिली आहेत.

पहिली नोकरी लागल्यावर

नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. कंत्राटदारामार्फत लागला असाल तर कंत्राटदाराचं नाव आणि मूळ कंपनीचं नाव दोन्ही त्यावर हवीत. मूळ सर्टिफिकेटं कुणाकडेही ठेवायला देऊ नका, दाखवून परत घ्या, द्यायची तर झेरॉक्स द्या.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, येत असेल तर ईएसआय कार्ड मागा. आईवडिलांच्या दवाखान्याचा खर्च त्यातून निघू शकतो. पीएफ कापला जात असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, घ्या आणि तो आपल्या मोबाइलवर सुरू करा. नोकरी बदलली तर जुनाच यूएएन नव्या ठिकाणी द्या, नवीन काढू नका. आणि दर दोन-तीन महिन्यांनी पासबुक उघडून बघा, पगारातून कापलेले पैसे खरंच तिथे भरले जात आहेत का. भरले जात नसतील तर पगाराच्या पावत्या जपून ठेवून पीएफ कार्यालयात तक्रार करा, ती ऑनलाइनही करता येते.